आंबखोलचा समुद्र उजव्या हाताला

चन्नवीर हत्तुरेला कारखान्यात सगळे मास्तर म्हणत, पण त्यानं आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. तो चादरींची नक्षी काढायचा. बारीक चौकटींच्या ग्राफच्या कागदावर लाल पेन्सिलीनं एकेक घर भरत मोर उभे करायचे. त्या कागदावर बघून राजाबाईनं पंचिंगच्या मशीनवर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या पट्ट्यांची माळ ओवून मागाच्या डोक्यावर चढवली, की खाली चादरीवर मोर उतरायचे. बावीस वर्षांत चन्नवीरनं इतके मोर उतरवले होते, की ते सगळे एकदम ओरडले असते तर सोलापुरात पाऊस पडला असता. पण त्यातला एकही मोर एकटा नव्हता. चादरीवर मोर जोडीनंच यायचे, तोंडाला तोंड लावून. हत्तीही तसेच. या जोडीच्या सवयीतूनच पुढचा घोटाळा झाला.

मागावर चादरीची दर्शनी बाजू जमिनीकडे तोंड करून विणली जाते. म्हणजे ग्राफवर जे डावीकडे, ते चादर सुलटी केली की उजवीकडे येतं. मोरांच्या जोडीला त्याचं काही नसतं. डावा उजवीकडे गेला आणि उजवा डावीकडे आला, तरी संसार तोच. अडचण फक्त अक्षरांची. म्हणून चादरीच्या काठावर कारखान्याचं नाव असलं, की ते ग्राफवर उलटं काढायचं, ही गोष्ट मागावरच्या जुन्या माणसांना माहीत होती. मालक महादेवप्पांना नव्हती. त्यांना सुताचा भाव कळायचा आणि गिऱ्हाइकाचा चेहरा कळायचा. बाकीचं त्यांनी मास्तरवर सोडलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर एक वेगळी ऑर्डर आली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबखोल नावाच्या गावच्या मुंबईकर मंडळानं गावात घरटी एक चादर वाटायचं ठरवलं होतं. एकशे बारा घरं, एकशे बारा चादरी. नक्षी मात्र मोराची नको, गावाची पाहिजे: किनारा, खाडी, समुद्रातला किल्ला, एक कासव, एक गरुड, आणि वर गावाचं नाव. सोबत गावातले निवृत्त शिक्षक केळुसकर गुरुजी यांनी स्वतः काढलेला नकाशा होता, आणि अकरा पानांचं पत्र होतं.

"कोकणातलं तुला जमेल का रे?" महादेवप्पांनी विचारलं.

"कोकण ना? मालक, किनारा माझा पाठ आहे."

चन्नवीरची कोकणाशी ओळख एवढीच, की एकसष्ट साली तो पन्हाळ्यावर एका लग्नाला गेला होता आणि तिथून पश्चिमेकडं त्याला धुकं दिसलं होतं.

"पत्र वाच नीट. म्हातारा माणूस आहे, मनापासून लिहिलंय."

"अक्षर न् अक्षर वाचतो."

पत्र त्यानं घरी नेऊन रेडिओखाली ठेवलं. चार दिवसांनी मालकांनी विचारलं तेव्हा "वाचलं की" असं सांगितलं. नकाशा होता ना हाताशी. माणूस वेडा आहे का अकरा पानं वाचायला, असा त्याचा हिशेब. आणि नकाशा त्यानं खरोखर चांगला उतरवला. खाडीचं वळण, खडकांची ओळ, कासवाच्या पाठीवरचे खण. दोन आठवडे मान मोडून काम केलं. वरची अक्षरं नेमानं उलटी काढली. नकाशा मात्र होता तसाच सुलटा काढला, कारण अक्षरं फिरवायची असतात आणि चित्र फिरवायचं नसतं, हा बावीस वर्षांचा नेम.

ग्राफ राजाबाईकडं गेला. ही बाई घोंगडे वस्तीत राहायची, वय पन्नाशीच्या आसपास, नवरा वारलेला, लेक अक्कलकोटला दिलेली. वाचता येत नव्हतं, पण ग्राफवरचं घर न् घर तिच्या बोटांना दिसायचं. अकरा वर्षांत तिनं एक भोक चुकीचं पाडलं नव्हतं. तिनं कागद मशीनसमोर टाचला, बघितला, आणि हात न लावता बसून राहिली.

"काय झालं?" चन्नवीरनं विचारलं.

"मास्तर, वरची अक्षरं फिरवून काढलीया. चित्र न्हाय फिरवलं."

"चित्र कशाला फिरवायचं? मोर फिरवतो का आपण?"

"मोराला जोडीदार असतोय की. ह्येला कुटं हाय? हे पानी हितं डाव्या अंगाला हाय. चादरीवर ते उजव्या अंगाला न्हाय का येनार?"

आसपास कुणी नव्हतं. पलीकडच्या शेडमध्ये माग धडधडत होते. चन्नवीर हसला.

"राजाबाई, तू समुद्र कधी बघितलायस का?"

"न्हाय बा."

"मग तू भोकं पाड. समुद्र मी बघतो."

तिनं मान हलवली आणि पहिली पट्टी मशीनमध्ये सारली. पुढं पट्ट्यांची माळ मागावर चढली, तेव्हा चन्नवीर एकदा सकाळी आणि एकदा चहाच्या सुट्टीत मागापाशी जाऊन माळेकडं बघत उभा राहिला. काही न बोलता परत आला. माग सुरू झाला.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठून आठेक दिवस झाले असतील, तेव्हा केळुसकर गुरुजी स्वतः चादरी न्यायला आले. तीन एसट्या बदलून आलेला किडकिडीत माणूस, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत ओल्या नारळांचं ओझं. महादेवप्पांनी ऑफिसात मोठं टेबल रिकामं करून चादर पसरली. निळा समुद्र, पांढरी जमीन, वर निळ्या अक्षरांत आंबखोल. चन्नवीर कौतुक ऐकायला बाजूला उभा होता. त्यानं त्यासाठी धुतलेला शर्ट घातला होता.

गुरुजी टेबलाभोवती फिरले. खिशातून चष्मा काढला. कासवावर बोट ठेवलं, गरुडावर ठेवलं.

"सुरेख," ते म्हणाले. "फार सुरेख झालंय. खाडीचं वळण तर मला माझ्या हातानं जमलं नव्हतं." मग जरा थांबून, जणू चूक त्यांचीच असावी अशा आवाजात म्हणाले, "पण समुद्र दुसऱ्या बाजूला गेलाय."

"म्हणजे?" महादेवप्पा म्हणाले.

"आमच्याकडं सूर्य समुद्रात बुडतो, महादेवप्पा. ह्या चादरीत तो समुद्रातून उगवणार. तुम्ही आमचा समुद्र सोलापूरच्या बाजूला आणून सोडलात."

महादेवप्पांनी चादरीकडं बघितलं, भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. एकशे बारा चादरी विणून, गोंडे बांधून, घड्या घालून तयार होत्या.

"चन्नवीर. हे कसं झालं?"

आता इथं चन्नवीरनं काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण तो एक शब्दही खोटा बोलला नाही. त्यानं कपाटातून ग्राफ काढला, टेबलावर चादरीशेजारी मांडला आणि म्हणाला, "माझ्या कागदावर समुद्र डावीकडेच आहे, मालक. बघून घ्या."

महादेवप्पांनी बघितलं. होता डावीकडे. कागद बरोबर, कापड उलटं. मधे फक्त एक बाई. दुकानदाराच्या डोक्याला याहून सोपा हिशेब नको असतो. वरची अक्षरं कागदावर उलटी का आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि चन्नवीरनं ते आणून दिलं नाही.

"बोलवा राजाबाईला."

ती पदराला हात पुसत आली. चादर बघितली. पहिल्यांदाच बघत होती. पंचिंगवाल्यांना तयार माल कोण दाखवतो?

"हे उलटं कसं झालं?" मालकांनी विचारलं.

"मास्तरनी कागदावर काडलं तसं ठोकलं, मालक."

"कागद बरोबर आहे. हा बघ. मग उलटं कसं आलं?"

तिनं कागदाकडं बघितलं नाही. तिनं चन्नवीरकडं बघितलं. काही मागणं नव्हतं त्या नजरेत; हा आता सांगेल, एवढंच होतं. "मास्तर सांगतील की," ती म्हणाली.

चन्नवीर कासवाकडं बघत होता. त्यानंच काढलेलं कासव, चार पाय चार दिशांना, समुद्रासकट उगवतीकडं निघालेलं.

"होतं कधी कधी," तो म्हणाला. "नजर चुकते माणसाची."

राजाबाई गप्प राहिली. महादेवप्पा तसे तापट नव्हते, पण पाहुण्यासमोर नाक कापलं गेलेला माणूस कुणाच्या तरी नाकावर हात टाकतोच. उद्यापासून येऊ नको म्हणाले. ती "बरं" म्हणाली. दारापाशी जाऊन परत आली आणि टेबलावर मशीनच्या पेटीची किल्ली ठेवली. अकरा वर्षं ती किल्ली तिच्या कमरेला होती.

गुरुजींना हे सगळं फार लागलं. "अहो, एवढं कशाला," ते दोनदा म्हणाले, पण ते पाहुणे होते आणि मालक मालक होते. दुपार झाली होती. पाहुण्याला जेवायला कुठं न्यायचं, हा प्रश्न निघाला, आणि महादेवप्पांच्या घरी नेमकं सुतक. तेव्हा चन्नवीरलाच म्हणावं लागलं, "गरिबाघरी चला, गुरुजी."

बाळीवेशीतल्या त्याच्या दोन खोल्यांत दाक्षायणीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी असं पान मांडलं. पाहुण्याचं नाव ऐकलं आणि तिच्या हातातली पळी थांबली.

"आंबखोलचे? पत्रवाले गुरुजी?"

"हो, मीच तो. वाचलंत तुम्ही?"

"तीनदा," दाक्षायणी म्हणाली. "एकदा मी, एकदा शेजारच्या शरणम्माला वाचून दाखवलं, मग तिनं तिच्या सासूसाठी परत वाचायला लावलं. त्यातही सातवं पान आणि नववं पान दोनदोनदा."

गुरुजींचा चेहरा असा उजळला, की चन्नवीरला भाकरीकडं बघावं लागलं.

मग जेवणभर आंबखोल. दाक्षायणीनं सोलापूरपलीकडं पश्चिमेला काही बघितलेलं नव्हतं, पण तिला भरतीला खाडीचं पाणी कुठवर चढतं ते माहीत होतं. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं आणि परतायला चुकलं तर रात्र किल्ल्यातच काढावी लागते, हेही. पूर्वी अरबांची गलबतं खजूर घेऊन यायची आणि तांदूळ भरून जायची. खाडी गाळानं भरली आणि आता साधी बोटसुद्धा थांबत नाही. चिखलात उड्या मारणारे निवट्या नावाचे मासे. देवळामागच्या आंब्यावर समुद्रगरुडाचं घरटं, दरवर्षी तेच, नुसत्या नव्या काड्या चढवून खाटेएवढं झालेलं. आणि झाडाखाली समुद्रसापांची हाडं.

"ते खरं का हो, गुरुजी? हाडं पडतात?"

"पिशवीभर. मी शाळेत मांडून ठेवलीत."

"आणि कासवीण अंडी घालून जाते ती परत बघत नाही. शंभरावर अंडी. शरणम्माची सासू म्हणाली, शंभर पोरं असली तर मी पण बघितलं नसतं."

गुरुजी मोठ्यानं हसले. चन्नवीर हसायला गेला, पण त्याला कुठल्या पानावर हसतोय तेच माहीत नव्हतं.

"तुम्हाला कुठला भाग आवडला?" गुरुजींनी त्याला सरळ विचारलं. "नक्षी काढणाऱ्याच्या नजरेनं विचारतोय."

"सगळाच," चन्नवीर म्हणाला. "किल्ल्याचं विशेष."

"किल्ल्याचं काय?"

दाक्षायणीनं नवऱ्याकडं बघितलं. वीस वर्षांचा संसार. तिला उत्तर मिळालं. "सातव्या पानावर तुम्ही एवढं बजावलं होतं," ती गुरुजींकडं वळून म्हणाली, म्हणजे तिला त्याला वाचवायचं होतं, "की समुद्र डाव्या हाताला राहिला पाहिजे. मुंबईच्या कॅलेंडरवाल्यानं एकदा उलटा छापला होता आणि गावात वर्षभर चेष्टा झाली. ह्या वेळी तरी नीट आलं ना?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"ह्या वेळीही नाही आलं," गुरुजी हळू म्हणाले. "भोकं पाडणाऱ्या त्या बाईंच्या हातून काहीतरी झालं म्हणतात. त्यांना काढलं बिचाऱ्यांना."

"राजाबाईच्या हातनं?" दाक्षायणी म्हणाली. "चूक?"

गुरुजींच्या पानात तिनं आग्रहानं भाजी वाढली. नवऱ्याच्या पानातही वाढली, बरोबर तेवढीच. फक्त त्याला अजून पाहिजे का ते विचारलं नाही.

चन्नवीरनं भाकरीचा तुकडा मोडला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "नवव्या पानावर काय आहे?"

हा त्या दिवसातला त्याचा पहिला सरळ प्रश्न. तो कुणाला उद्देशून होता ते त्यालाही कळलं नाही. उत्तर गुरुजींनी दिलं. पत्र वाचलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"कासवांचं आहे. आमच्याकडं लोक ती अंडी उकरून खातात. मी आता काटेरी कुंपण घालतो, रात्री कंदील घेऊन बसतो, लोक हसतात. पण लहानपणी मी स्वतः ती पुष्कळ खाल्लीत. टोपल्या भरून आणायचो. तेवढं लिहिलंय."

"ते कशाला लिहिलंत? कुणी विचारलं नव्हतं."

"कासवांबद्दल लिहायचं आणि तेवढंच गाळायचं, तर बाकीची दहा पानं खोटी झाली असती की हो." गुरुजींनी ताकाचा पेला तोंडाला लावला. "आणि एक सांगू का, त्या बाईंना भेटल्याशिवाय मला जाववणार नाही. माझ्या गावच्या चादरीपायी त्यांची भाकरी गेली. घर दाखवा."

उन्हाची वेळ होती. बाळीवेशीपासून घोंगडे वस्तीपर्यंत गुरुजी चालत बोलत होते आणि चन्नवीर नुसता चालत होता. त्यांच्या काखेत एक चादर होती, त्यांच्या स्वतःच्या घरच्या वाट्याची. राजाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. मास्तर आलेले बघून ती उठली, पोतं झटकून अंथरलं.

"बसा की. पानी देऊ?"

गुरुजींनी हात जोडले. "बाई, तुमच्या कामाला नावं ठेवायला आलो नाही. एकच समजून घ्यायचंय. आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण हे डोक्यात शिरत नाही. कागद बरोबर असताना कापड उलटं कसं येतं?"

राजाबाई चन्नवीरकडं न बघता म्हणाली, "माजंच चुकलं आसंल."

"बरं. पण कसं चुकतं ते दाखवा."

तिच्या हातचं काम होतं ते. विचारल्यावर तिला राहवेना. तिनं पदर मांडीवर पसरला, त्यावर चार तांदूळ डावीकडं ठेवले.

"ह्ये बगा. कापड मागावर आसं पालतं असतंय, तोंड खाली. आपुन वरनं बगतो ती मागची बाजू. कागदावर डावीकडं काडलं की हितं डावीकडं येतंय. मंग कापड आसं उलटं करून सुलटं केलं..." तिनं पदर उलटवला, तांदूळ सांडले, बोट उजवीकडं गेलं, "की हिकडं. सरळ हाय की. म्हनून तर अक्षरं कागदावर उलटी काडत्यात."

गुरुजी शिक्षक होते. सांडलेल्या तांदळांकडं त्यांनी थोडा वेळ बघितलं.

"म्हणजे नकाशाही कागदावर उलटाच काढायला हवा होता."

राजाबाईच्या लक्षात आलं, आपण काय सांगून बसलो. ती घाईनं तांदूळ गोळा करू लागली. "तसं न्हाय, गुरुजी. मी इचाराय पायजे हुतं मास्तरला. माजं काम हुतं ते."

गुरुजींनी चन्नवीरकडं बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नसावं. समोरच्या बोळातून कुणी बाई हंडे घेऊन गेली, दूर कुठं तरी मागाची धडधड चालली होती. चन्नवीरच्या डोक्यात कितीतरी वाक्यं तयार होती, सगळी खरी, सगळी बिनकामाची. त्यातलं एकच बाहेर आलं.

"विचारलं होतं तिनं," तो म्हणाला.

राजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. तो त्याला उचलवेना.

गुरुजींनी काखेतली चादर काढून तिच्या हातात दिली. "ही तुमची. आमचा समुद्र खरा मावळतीला असतो, एवढं लक्षात ठेवा. बाकीच्या एकशे अकरा मी नेतो. मुंबईकर भांडतील. पण आमच्या गावात समुद्रातून सूर्य उगवलेला कुणी पाहिला नाही, ती हौस फिटेल."

संध्याकाळी गुरुजींना गाडीत बसवून चन्नवीर कारखान्यात गेला. वाटेत त्यानं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: मालक ओरडतील, पगार कापतील, कदाचित ग्राफच्या कपाटाची किल्ली मागतील. त्याची त्याला भीती होती, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही होती. काहीतरी कापलं गेलं तर बरं वाटलं असतं.

"मालक, चूक माझी होती. ग्राफच उलटा काढायला पाहिजे होता. राजाबाईनं सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

महादेवप्पांनी सुताची पावती बाजूला ठेवली आणि त्याच्याकडं बघितलं.

"तू चुकलास?"

"हो."

"बरं मग. माणूस आहेस. बावीस वर्षांत एकदा." ते हसले. "म्हाताऱ्यानं माल नेला ना? झालं तर. मनाला लावून घेऊ नको रे. ए, चहा सांगा मास्तरला."

"राजाबाईचं..."

"येऊ दे की तिला सोमवारपासून. मी कुठं नाही म्हणतो?"

एकाच चुकीला दोन वजनं लावली होती, एकाच दिवसात, त्याच टेबलावर. अकरा वर्षांत तिची एकही चूक नाही, मालक, हे वाक्य चन्नवीरच्या जिभेवर आलं. तेवढ्यात चहा आला. तो त्यानं प्यायला, हेही इथं मांडून ठेवलं पाहिजे.

सोमवारी राजाबाई आली नाही. मंगळवारीही नाही. पंचिंगच्या मशीनवर आच्छादन तसंच होतं आणि किल्ली मालकांच्या खणात. बुधवारी दुपारी चन्नवीर किल्ली खिशात घालून घोंगडे वस्तीत गेला. दाक्षायणीनं सकाळी त्याला डबा दिला होता, बोलणं दिलं नव्हतं. सहा दिवस ती जरुरीपुरतंच बोलत होती, आणि रेडिओखालचं पत्र तिनं काढून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं होतं.

राजाबाई दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. शेजारणीच्या बिडी कारखान्याच्या कार्डावर पान आणलं असावं. बोटं ग्राफ वाचायची तशीच चालली होती.

"मालक ये म्हणालेत," तो म्हणाला. "सोमवारपासूनच म्हणाले होते. मी निरोप द्यायला दोन दिवस लावले."

"यीन की. पान भिजवलंय एवडं, ते संपू द्या. वाया जातंय न्हायतर."

त्यानं किल्ली सुपाच्या कडेला ठेवली. आत खोलीत बाजेवर चादर पसरलेली दिसत होती. तो वाकून बघायला लागला. काहीतरी वेगळं होतं. चादर दुहेरी विणीची. तिनं ती पाठीमागच्या बाजूनं अंथरली होती. निळ्याच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी निळं. जमीन निळी झाली होती आणि समुद्र ज्वारीच्या पिठासारखा पांढरा. पण तो डाव्या हाताला होता. कासवाचं तोंड त्याच्याकडं होतं. वरचं आंबखोल मात्र आता उलटं.

"नाव उलटं आलंय," तो म्हणाला.

"मला कुटं वाचाय येतंय? समुद्र बराबर हाय न्हवं?"

"आहे."

तिनं एक बिडी वळून, दोरा बांधून सुपात टाकली. दुसरं पान उचललं.

"मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"मी तवा म्हनलं, चित्र फिरवा म्हनून. मागाहून तुमी दोनदा मागापाशी येऊन हुबं ऱ्हायलात. मी लांबनं बगत हुते. तवा तुमास्नी कळलं हुतं का?"

माग सुरू व्हायच्या आधी. नुसती माळ उतरवून, एवढा नकाशा फिरवून काढून, आठ दिवसांचं काम होतं. आणि एक वाक्य बोलायचं होतं, की राजाबाईचं बरोबर होतं. आठ दिवस त्याला जड नव्हते.

"कळलं होतं," चन्नवीर म्हणाला.

राजाबाईची बोटं थांबली नाहीत. पानात तंबाखू पसरली गेली, पान वळलं गेलं, टोक नखानं दुमडलं गेलं.

"व्हय?" ती म्हणाली. "मी म्हनलं, कळलं नसंल तुमास्नी. कळलं असतं तर तुमी बोलला असता. म्हनून त्या दिशी मालकांम्होरं मी गप ऱ्हायले."

तिनं किल्ली उचलून कमरेला खोवली आणि पुढचं पान घेतलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. चन्नवीर उन्हात उभा राहिला.